देन्सिंगच्या गिअरची पितळी मूठ

मी, एपिफानियो दिमायुगा, वय वर्षे शहात्तर, धंदा धातूला पॉलिश करण्याचा, लग्न झालेले नाही, मूलबाळ नाही, राहणार लिपा, प्रांत बातांगास, पूर्ण शुद्धीत आणि स्वखुशीने हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. कोणी हात धरून लिहवून घेतलेले नाही. हात धरायला घरात कोणी नाही.

माझे डोके ठिकाणावर आहे हे वेगळे लिहावे लागते, कारण आमच्या गल्लीत सगळे म्हणतात की म्हातारा पान्यो रोज सकाळी अंगणात बसून बादली चालवतो. चालवतो, हे खरे आहे. त्याचे कारण कलम सहामध्ये दिले आहे. ते वाचून मग काय ते ठरवावे. वकीलबाई विल्यालूझ नातीच्या वयाच्या आहेत, म्हणून मला लोलो म्हणतात. त्या म्हणाल्या, "लोलो, मृत्युपत्रात कारणं लिहायची नसतात. वस्तू लिहायची, माणसाचं नाव लिहायचं आणि पुढे जायचं." मी म्हटले, "बाई, पुढे जायची मला कुठे घाई आहे?" कागद माझा, अक्षर माझे, तेव्हा कारणेही राहू द्यावीत.

कलम १. आईवडिलांच्या घराचा रस्त्याकडून डावा अर्धा भाग माझा आहे. उजवा अर्धा माझी धाकटी बहीण पुरिफिकासियोन, म्हणजे पुरिंग, हिचा आहे आणि तो तिचाच राहील. मधली सिमेंटच्या ठोकळ्यांची भिंत १९९७ सालची. ती मी बांधलेली नाही, एवढेच नोंदवतो. माझा अर्धा भाग मी सान इसिद्रोच्या देवळाला देत आहे. जत्रेच्या खुर्च्या दरवर्षी उघड्यावर भिजतात, त्या इथे ठेवाव्यात. अट एकच: खुर्च्या त्या भिंतीला टेकवून रचू नयेत. पलीकडे पुरिंगची खाट आहे आणि तिची झोप लहानपणापासून सावध आहे.

कलम २. बँकेत जे काही आहे त्यातून माझी शवपेटी आणि खड्डा यांचा खर्च भागवावा. उरले तर देवळाने खुर्च्यांसाठी छप्पर नीट करावे. नाही उरले तर तसेच वापरावे, ते मला कुठे गळणार आहे.

कलम ३. मी मेल्यावर मला त्याच दिवशी पुरावे. सकाळी मेलो तर संध्याकाळी, संध्याकाळी मेलो तर दुसऱ्या सकाळी. आमच्याकडे मयत चार-पाच दिवस घरात ठेवतात आणि तेवढा वेळ त्याला क्षणभरही एकटे सोडत नाहीत हे मला माहीत आहे. शेजारी येतील, पत्ते खेळतील, कॉफी पितील, ते सगळे ठीक. पण पेटीजवळ बसायला घरचे माणूस लागते. माझ्याकडे ते नाही. मला एकट्याला खोलीत ठेवून शेजाऱ्यांना अवघडवू नये. शिवाय त्याच दिवशी उरकले की घर झाडावे की झाडू नये हा प्रश्न राहत नाही. मयत घरात असताना केर काढत नाहीत, नाहीतर घरातले आणखी एक माणूस त्याच्यामागून जाते, हे लहान पोरालाही माहीत असते. माझ्याइतके ते कोणाला माहीत नसेल.

कलम ४. बफिंगची मोटर, कापडी चाके अकरा, पॉलिशच्या लाल आणि तपकिरी वड्या, कानशी आणि पितळ ओतायची भांडी ही सर्व हत्यारे तिबुर्सियो मानालो याला द्यावीत. तिबुर्सियो माझा मित्र नाही. तो पितळ आम्लात बुडवतो, दोन मिनिटांत पिवळेधमक काढतो आणि गिऱ्हाइकाच्या तोंडावर धरतो. आठवड्यात त्यावर डाग पडतात, तोवर गिऱ्हाईक दूर गेलेले असते. १९८८ साली भर चौकात तो म्हणाला होता, "पान्यो पॉलिश करत नाही, नवस फेडतो." मला ते फार लागले. आता वाटते की त्याच्या आयुष्यात तो एवढेच एक बरोबर बोलला. हत्यारे त्याला अशा अटीवर देत आहे की ज्या खोलीत माझी चाके टांगली असतील तिथे त्याने आम्लाची बाटली ठेवू नये. मोटरच्या बटणाला शॉक बसतो. हे त्याला सांगावे, पण एकदा बसल्यावर.

कलम ५. माझी बांबूची शिडी सात वर्षे न्हावी माकारियोकडे आहे. माकारियो खाली साक्षीदार म्हणून सही करणार आहे आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळता कामा नये, असा कायदा आहे. म्हणून इच्छा असूनही शिडी त्याला देता येत नाही. त्याने ती परत करावी. कोंबडा कोणालाच देत नाही. त्याला मी कधी झुंजीत उतरवले नाही, त्यामुळे त्याला आपण फार शूर आहोत असे वाटते. तो रोज सकाळी भिंत ओलांडून पुरिंगकडे भात खातो आणि झोपायला माझ्याकडे येतो. गेली काही वर्षे त्या भिंतीवरून जाणारा-येणारा तो एकटाच. तो त्याचे त्याचे बघेल.

कलम ६. आता मूठ.

ही जीपनीच्या, म्हणजे आमच्याकडच्या प्रवासी जीपगाडीच्या, गिअरच्या दांड्यावरची मूठ आहे. पितळी, पेरूएवढी, अर्ध्या किलोच्या आसपास. १९७२ साली मीच ती ओतली. मोडके नळ, दाराच्या कड्या आणि एका चाकूची मूठ एवढे सगळे वितळवून त्यात घातले होते. देन्सिंग माझा मित्र. नाव गौदेन्सियो, पण ते फक्त बाप्तिस्म्याच्या कागदावर. तो लिपा ते रोसारियो प्रवासी गाडी चालवत असे. आईवडील गेले तेव्हा पुरिंग अकरा वर्षांची होती आणि मी अठरा. तिला मी वाढवले आणि देन्सिंगशी तिचे लग्न मीच लावून दिले. त्याने स्वतःची जीपनी घेतली तेव्हा वर पाटीवर पुरिंगचे नाव रंगवले, मुलगा झाल्यावर त्याचे, देल्फिनचे. माझे नाव कुठे नव्हते आणि ते योग्यच होते. मूठ मात्र माझी होती.

मला गाडी चालवता येत नाही. पंचवीस वर्षे दर रविवारी मी देन्सिंगच्या शेजारी पुढच्या सीटवर बसून रोसारियोला जाऊन परत येत असे. त्याचा उजवा हात त्या मुठीवर असायचा. बोलताना, शिव्या देताना, देवळासमोरून जाताना क्रूस करण्यापुरता उचलायचा, पुन्हा तिथे. एवढ्या वर्षांत तळव्याखालचा भाग जुन्या मधाच्या रंगाचा झाला होता. खालची बाजू काळपट होती आणि कडेला अंगठ्याने एक खळी पाडली होती, तांदळाचा दाणा ठेवला तर तो राहील एवढीच. दर जत्रेआधी मी म्हणायचो, "काढून दे, चमकवून देतो." तो म्हणायचा, "पान्यो, तिला हात लावायचा नाही. नवी झाली तर मला ओळखायची नाही."

सप्टेंबर १९९७ मध्ये भर दुपारी, स्टँडवर, गाडीतच बसल्या बसल्या देन्सिंगचे हृदय बंद पडले. वय पन्नास. त्याला पुरिंगच्या बैठकीच्या खोलीत ठेवले. घर तेव्हा एकच होते, मागच्या खोलीत माझे दुकान. लोक येत होते, पुरिंग पेटीजवळ बसली होती आणि मला बसवेना. ज्याचे हात आयुष्यभर चालले, त्याला हात मांडीवर ठेवून दुःख करता येत नाही. माझ्या मनात आले की पेटीमागून त्याची जीपनी जाईल, देल्फिन चालवेल, तर ती आज तरी चमकली पाहिजे. एवढाच विचार होता. त्यापलीकडे मी काही विचार केला नाही, हे इथे कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी मी मूठ काढली. आटे धरले होते, म्हणून कापड गुंडाळून गरम पाणी ओतले आणि डावीकडे फिरवली. आतली आट्यांची चकती झिजून ढिली झाली होती, ती नवीन बसवली. मग पॉलिश पेपर: आधी जाड, मग बारीक, मग त्याहून बारीक, पाण्यात भिजवून. ती खळी घालवायला मला एक तास लागला. मग कापडी चाकावर तपकिरी वडी, नंतर लाल, आणि शेवटी मक्याचे पीठ लावून कापसाने पुसली. सहा तास गेले. आयुष्यात एवढे चांगले पॉलिश मी कधी केले नाही. मुठीत माझे तोंड दिसत होते. मग सवयीप्रमाणे खाली पडलेली लाल धूळ मी झाडून काढली आणि अंगणात फेकली.

मूठ दांड्यावर बसवून मी पुरिंगला बोलावले. तिने पाहिले. माझ्या मागे कोपऱ्यात उभा केलेला झाडूही पाहिला.

"देन्सिंग घरात आहे आणि तू पुसत बसलास?"

"म्हटलं, चमकेल. त्याच्यामागून गाडी जाताना बरी दिसेल."

"त्याचा हात होता त्यावर, कुया. कुठाय तो?"

मी सात वर्षांनी मोठा, म्हणून मी तिचा कुया. त्याचा हात लाल धुळीत होता आणि धूळ मी फेकून दिली होती.

देन्सिंगला पुरले. पस्तिसाव्या दिवशी देल्फिन तापाने गेला. चोवीस वर्षांचा, एकुलता एक. दवाखान्यातून पुरिंगला घरी आणले तेव्हा ती माझ्यासमोर उभी राहिली आणि अजिबात आवाज न चढवता म्हणाली, "तू झाडलंस, कुया. माझं घर तू झाडून काढलंस." ते तिचे माझ्याशी शेवटचे बोलणे. त्याला एकवीस वर्षे सात महिने झाले.

ताप डासाने येतो, हे मलाही कळते. डॉक्टरांनी तसेच सांगितले होते आणि त्या साली गल्लीत आणखी दोघे गेले. पण मी झाडले आणि तो गेला, या दोन गोष्टी मला आजवर वेगळ्या करता आलेल्या नाहीत. तिला आल्या नाहीत यात तिचा दोष नाही. कोणी तिला अडाणी म्हणत असेल तर त्याने माझ्यासमोर म्हणू नये.

त्याच महिन्यात भिंत उभी राहिली. जीपनी विकली गेली. आणि एका सकाळी मूठ भिंतीवरून माझ्या अंगणात येऊन पडली. मी उचलली. अजूनही लखलखत होती, आणि माझ्याच कामाची मला शिसारी आली.

पहिले वर्ष मी लबाडी करून पाहिली. तिबुर्सियोची युक्ती: व्हिनेगरच्या वाफेवर धरले की पितळ एका दिवसात जुने दिसते. जुने दिसले खरे, पण ते जुनेपण नव्हते, तो रंग होता. मी ते सगळे घासून काढले. आजवर लोकांच्या वस्तूंवरून वर्षे काढून टाकण्याचे काम केले होते. घालायची कशी ते कोणी शिकवले नव्हते. त्याला एकच रस्ता दिसला. मी पत्र्याच्या बादलीत सिमेंट ओतून लोखंडी दांडा उभा केला, त्यावर मूठ बसवली आणि खुर्ची डाव्या बाजूला ठेवली. तेव्हापासून रोज सकाळी कॉफी झाली की तासभर उजवा हात मुठीवर ठेवून बसतो. आजारपणाचे दिवस सोडले तर खाडा नाही. देन्सिंगचा अंगठा जिथे असायचा तिथे अंगठा ठेवतो. रोसारियोपर्यंतची वळणे मला पाठ आहेत. ती मनात घेतो, चढावर दांडा ओढल्यासारखे करतो. पोरे कुंपणावरून ओरडतात, "लोलो, रोसारियोला दोन सीट आहेत का?" मी म्हणतो, "गाडी भरली."

गाडी भरलेली नसते. शेजारची सीट मोकळी असते. हे कोणाला सांगितले नव्हते, इथे लिहिले.

आता मूठ पुन्हा मधाच्या रंगाची झाली आहे आणि कडेला बारीकशी खळीही पडू लागली आहे. तो देन्सिंगचा हात नाही. तो परत येत नाही, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. पण निदान आता ती कोणाच्या तरी हाताची आहे.

कलम ७. वर वर्णन केलेली पितळी मूठ माझी बहीण पुरिफिकासियोन हिला द्यावी. कोणी पुसू नये, कापडात गुंडाळू नये, आहे तशी तिच्या हातात द्यावी. तिने घेतली नाही तर माझ्या पेटीत उजव्या हाताखाली ठेवावी.

कलम ८. हे कलम आधी ठरलेले नव्हते. आज दुपारी जे घडले त्यावरून, सगळ्यांसमोर, इथेच लिहीत आहे.

आमच्याकडे मृत्युपत्राला तीन साक्षीदार लागतात. माकारियो शिडीशिवाय आला. पाव विकणारी बेलेन आली. तिसरा इस्माएल, तो ट्रायसिकल रिक्षा चालवतो. त्याने बंदरावरून फोन केला की बायकोची बोट अजून लागलेली नाही. वकीलबाईंची बस चारला. त्या घड्याळाकडे बघून म्हणाल्या, "लोलो, दोन सह्यांवर हा कागद उभा राहत नाही. कोणीही आणा, पण तिसरा माणूस आणा." उद्याच्या जत्रेसाठी सगळी गल्ली देवळात गेली होती. मी विचार करू लागलो की आणखी कोणाला सांगता येईल, आणि शहात्तर वर्षांत मला तिसरे नाव सुचेना.

बेलेन उठली. ती कुठे निघाली हे माझ्या लक्षात आले.

मी म्हटले, "बेलेन, नको. ती यायची नाही."

"तू गप्प बस. एकवीस वर्षं मी दोन्ही घरांना पाव देतेय. दोन्हीकडे एकच विचारतात, पलीकडे बरं आहे ना? मला कंटाळा आला आता."

पुरिंग आली. घरातल्याच कपड्यात, हात ओले. केस सगळे पांढरे झाले आहेत. भिंतीवरून मला नुसता आवाज येत होता, आवाज पांढरा होत नाही. ती दारातच थांबली आणि माझ्याकडे न बघता वकीलबाईंना म्हणाली, "सही कुठे करायची?"

वकीलबाई म्हणाल्या, "लोला, आधी एक सांगायला हवं. यात तुम्हाला काही मिळत असेल आणि तुम्ही सही केलीत, तर ती वस्तू तुम्हाला मिळत नाही."

"मिळतंय का काही?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी म्हटले, "एक वस्तू आहे."

तिने विचारले नाही कुठली. मागच्या दाराने सरळ अंगणात गेली आणि बादलीसमोर उभी राहिली. मी तिच्या मागे गेलो. तिने मुठीवर हात ठेवला. मग बोलली, पण मुठीकडे बघूनच.

"वरच्या खिडकीतून रोज दिसतोस. अंगठा वर ठेवतोस. त्याचा खाली असायचा."

"मला वर आठवतो."

"तू रस्ता बघायचास. मी हात बघायचे."

म्हणजे एकवीस वर्षे मी खळी चुकीच्या जागी पाडत होतो, आणि एकवीस वर्षे ती खिडकीत उभी राहून ते बघत होती. मी खुर्चीवर बसलो. तिने बोटाने ती खळी चाचपली.

"मग ही कोणाची?"

"माझी."

ती मूठ काढू लागली. मी म्हटले, "डावीकडे फिरव." ती म्हणाली, "माहितीये मला." मूठ सुटली. तिने ती ओल्या हातांत तशीच धरली, पदार्थ गरम आहे का बघतात तशी, आणि आत येऊन वकीलबाईंना म्हणाली, "यात माझं जे काही लिहिलंय ते खोडा. वस्तू मी आत्ताच नेते. हा मरेपर्यंत कोण थांबणार?"

माकारियो हसला. मी हसलो की नाही आठवत नाही. कलम सात माझ्या हाताने खोडले.

कायद्याप्रमाणे साक्षीदाराने प्रत्येक पानाच्या कडेला सही करायची असते. पुरिंग टेबलाशी बसली, डाव्या हातात मूठ, उजव्या हातात पेन. पहिल्या पानावर सही केली. दुसऱ्या पानावर पेन थांबले. तिला चष्म्याशिवाय वाचायला वेळ लागतो, लहानपणी लागायचा तसे ओठ हलतात. ती कलम तीन वाचत होती.

"हे कोणी लिहिलं?"

"मी."

"बसायला घरचं कोणी नाही?"

बेलेन खिडकीकडे बघू लागली. पुरिंगने पेन माझ्यापुढे ठेवले.

"खोड हे, कुया."

म्हणून जाहीर करतो की कलम तीन आणि कलम सात मी स्वतः, तीनही साक्षीदारांसमोर खोडले आहेत, आणि खोडलेल्या ओळींशेजारी माझी सही आहे. बाकीचे मृत्युपत्र कायम. घर किती दिवस झाडायचे नाही ते पुरिंग सांगेल.

ठिकाण: लिपा, बातांगास. तारीख: १४ मे २०१९, मंगळवार, सान इसिद्रोच्या जत्रेचा आदला दिवस. अक्षर शेवटी वाकडे आले आहे, त्याचा अर्थ शुद्ध हरपली असा घेऊ नये.

लिहिणार: एपिफानियो दिमायुगा (सही)

आम्ही तिघांनी वरील इसमाला सही करताना पाहिले, त्याने आम्हाला पाहिले, आणि एकमेकांसमोर आम्ही सह्या केल्या:

१. माकारियो लुआनसिंग, न्हावी, राहणार याच गल्लीत (सही). शिडी उद्या आणून देतो.

२. बेलेन काटिगबाक, पावविक्रेती, राहणार देवळाशेजारी (सही).

३. पुरिफिकासियोन दिमायुगा, गौदेन्सियो यांची विधवा, लिहिणाराची बहीण, राहणार भिंतीपलीकडे (सही).